‘त्रेपन्न’ ऐकलं आणि ३५ लिहिलं : आकड्यांची नावं आणि मुलांची डोकी

पाटीपेन्सिल

नमस्कार. हा धागा काढायचं वर्षभर मनात होतं. आज वह्या तपासून झाल्यावर राहवलं नाही.

मी जत तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत दुसरीला शिकवते. शाळा मराठी माध्यमाची, पण कर्नाटकची हद्द हाकेवर, त्यामुळे वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या घरी कन्नड. आज अंकांचं श्रुतलेखन घेतलं. ‘त्रेपन्न’ म्हणाले आणि पाट्या वर करायला सांगितल्या. सात पाट्यांवर ३५. त्यातल्या एकाला जवळ घेऊन विचारलं, तर तो म्हणाला, “बाई, तुम्ही आधी तीन म्हणालात, म्हणून मी आधी तीन काढला.”

त्याचं काय चुकलं? ‘त्रे’ आधी येतो, ‘पन्न’ नंतर. वाचताना आणि लिहिताना आपण डावीकडून उजवीकडे जातो हे मीच त्याला शिकवलंय. त्याने ऐकलं तसं लिहिलं.

त्याच वर्गात घरी फक्त कन्नड बोलणारी एक मुलगी आहे. ती ओठांतल्या ओठांत ‘ऐवत्तमूरु’ पुटपुटते आणि ५३ लिहिते. ऐवत्तु म्हणजे पन्नास, मूरु म्हणजे तीन. त्रेपन्न म्हणजे ऐवत्तमूरु हे डोक्यात बसायला तिला दोन महिने लागले, पण एकदा बसल्यावर तिच्या हातून ३५ झालेलं मी पाहिलेलं नाही. ती पोर बाकीच्यांपेक्षा हुशार आहे असंही नाही, वजाबाकीत ती त्यांच्याइतकीच अडखळते. फक्त तिच्या घरच्या भाषेत दशक आधी येतो, अंक लिहितानाही दशकच आधी येतो, त्यामुळे वाट सरळ आहे.

मराठीतली वाट किती वळणांची आहे ते आपण मोठी माणसं विसरून गेलोय. एक ‘सात’ घ्या. सत्तावीस, सदतीस, सत्तेचाळीस, सत्तावन्न, सदुसष्ट, सत्त्याहत्तर. पन्नासचं बावन्नमध्ये ‘वन्न’ होतं आणि लगेच पुढच्या त्रेपन्नमध्ये ‘पन्न’. सत्तरचा ‘स’ जाऊन ‘हत्तर’ उरतं. आणि सगळ्यांत अवघड ते एकोण. एकोणसाठ म्हटलं की मुलाच्या कानावर ‘साठ’ पडतं, मग कुणी ६९ लिहितं, कुणी ‘एक’ आणि ‘साठ’ जोडून ६१. एकोण म्हणजे एकाने ऊन, एक कमी, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. बरं, हा नियम धरून ठेवावा तर ९९ ला एकोणशंभर नाही, नव्याण्णव!

हे फक्त आपल्याकडे नाही. जर्मन भाषेतही एकक आधी म्हणतात. ऑस्ट्रियातल्या पहिलीच्या मुलांना अंक सांगून लिहायला लावले तेव्हा त्यांच्या जवळपास निम्म्या चुका या उलटापालटीशी जोडलेल्या निघाल्या. हा अभ्यास २००९ साली छापून आला. चेक भाषेत तर ‘पन्नास तीन’ आणि ‘तीन आणि पन्नास’ या दोन्ही तऱ्हा चालतात. तिथे त्याच मुलांना दोन्ही तऱ्हांनी अंक सांगून पाहिले, आणि एकक आधी सांगितल्यावर चुका वाढल्या. मूल तेच, शाळा तीच, बदललं फक्त आकड्याचं नाव.

चिनी मुलांचंही एक उदाहरण नेहमी दिलं जातं. त्यांच्या भाषेत अकरा म्हणजे ‘दहा-एक’, बारा म्हणजे ‘दहा-दोन’. अमेरिकन आणि चिनी बालवाडीतल्या मुलांची मोजणी ताडून पाहिली तर दहापर्यंत दोघं सारखीच. फरक पडायला लागतो तो अकरापासून.

मला जे म्हणायचंय ते एवढंच आहे. ‘याचं डोकं गणितात चालत नाही’ असं आपण म्हणतो तेव्हा त्या डोक्यात भाषा, घर, बाजार असं बरंच काही चालत असतं, आणि ते आपण मोजत नाही. पहिली काही वर्षं मीसुद्धा अशा मुलांच्या नावापुढे ‘संख्याज्ञान कच्चे’ असा शेरा मारला. ती मुलं आता सातवी-आठवीत असतील. त्या शेऱ्याचं मला फार वाईट वाटतं.

तुमच्या घरी, वर्गात, दुकानात काय दिसतं ते लिहाल का?

कऱ्हाकाठ

बाई, धागा वाचून शाळा आठवली. वय वर्षं ७८. वडिलांची धान्याची आडत होती.

आम्हाला बे एके बे पासून तीस पर्यंत पाढे तर होतेच, पण पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकीही होती. औटकी म्हणजे साडेतिनाचा पाढा. आजच्या मुलांना हा शब्दच माहीत नाही. हे पाढे कुणाच्या हौसेसाठी नव्हते. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे. सोळाचा पाव चार, निम्मे आठ, पाऊण बारा. सगळा व्यवहार पाव-निम्म्याचा, म्हणून डोकंही त्याच वाटेने चालायचं.

एक हिशेब सांगतो. सव्वा रुपया शेर दराने साडेतीन शेर माल. आमचे मुनीम कागद घेत नसत. साडेतीन रुपये, त्याचा पाव चौदा आणे, मिळून चार रुपये सहा आणे. संपलं. तोच हिशेब माझ्या नातवाने १.२५ गुणिले ३.५ असा मांडला, ४.३७५ आणलं आणि मला विचारलं, “आजोबा, शेवटच्या पाचाचं काय करू?”

मी चौथीत असताना, १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले. रुपयाचे शंभर झाले. पुढे शेर जाऊन किलो आला. त्यानंतर औटकीला शाळेत कामच उरलं नाही. माझ्या धाकट्या भावाला ती शिकवली गेली नाही आणि त्याचा तोंडी हिशेब माझ्यासारखा कधीच झाला नाही. आम्ही एकाच घरातले, एकाच आईची मुलं. तेव्हा बाई, तुमचं म्हणणं मला पटतं. माणूस कसा विचार करतो हे त्याच्या खिशात कुठलं नाणं आहे यावरही ठरतं.

सडेतोड

मला हे सगळं पटत नाही, आणि मनापासून सांगतो.

त्रेपन्न, एकोणसाठ, त्र्याण्णव हे शब्द पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेत. याच शब्दांनी शिकून लोक इंजिनियर झाले, गणिताचे प्राध्यापक झाले. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’, ‘साठ तीन’ आलं तेव्हा मी त्याला विरोध केला होता आणि आजही करेन. अवघड आहे म्हणून शब्द सोडायचे ठरवलं तर उद्या जोडाक्षरं सोडाल, परवा पाढे. माझी मुलगी इंग्रजी शाळेत जाते. तिला ‘एकोणऐंशी’ म्हटलं की ती माझ्या तोंडाकडे बघत राहते. घरात मराठी आकडा मरतोय हे मी रोज पाहतो. अशा वेळी शाळेनेच तो सोडावा हे मला सहन होत नाही.

पाटीपेन्सिल

सडेतोड, तुमची कळकळ समजते. शब्द जावेत असं मलाही वाटत नाही. ‘एकोण’ मध्ये तर एक सुंदर गणित दडलंय, पुढच्या दशकाकडे पाहून एक मागे येणं.

२०१९ च्या वादात एक गोष्ट बाजूला पडली. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या, स्वतः गणितज्ञ. जोडाक्षरांमुळे आणि उलट्या क्रमामुळे लहान मुलं गणिताला बिचकतात हे त्यांचं म्हणणं होतं, आणि जुनी नावं बाद केलेली नाहीत हेही त्यांनी सांगितलं होतं. दक्षिणेतल्या भाषांत दशक आधी येतो याचा दाखलाही तेव्हा दिला गेला. विधानसभेत त्यावर चर्चा झाली, टिंगल भरपूर झाली. मुलांच्या चुका नेमक्या कुठे होतात याबद्दल कुणी फार बोललं नाही. नारळीकर बाई २०२३ मध्ये गेल्या. त्यांचं म्हणणं शांतपणे ऐकायला हवं होतं असं मला राहून राहून वाटतं.

आणि याच शब्दांनी लोक शिकले हे खरंच आहे. पण जे शिकले नाहीत, तिसरीतच गणितापासून तुटले, ते इथे लिहायला येणार नाहीत.

डॅन्यूबकाठची

मी व्हिएन्नात राहते, मुलगी दुसरीत आहे. धागा वाचून हसू नाही, रडू आलं, कारण गेल्या वर्षी आम्ही नेमकं हेच भोगलं.

घरी मराठी, शाळेत जर्मन. त्रेपन्न म्हणजे ‘ड्राय उंड फ्युन्फत्सिक’, शब्दशः तीन आणि पन्नास. म्हणजे दोन्ही भाषा तिला उलट्याच मिळाल्या. शेजारी एक इंग्रज कुटुंब आहे, त्यांचा मुलगा फक्त जर्मन आकडे लिहिताना चुकतो, घरच्या इंग्रजीत नाही. त्याला पाहून मला वाटायचं की आमच्या मुलीतच काहीतरी कमी आहे. शाळेत तिला तपासायला पाठवावं का, इथपर्यंत बोलणं गेलं होतं. मग एका वयस्क शिक्षिकेने सांगितलं की थांबा, अर्धा वर्ग असाच आहे.

इथली मुलं एक युक्ती करतात. ‘ड्राय’ ऐकलं की तीन आधी काढून टाकतात, डावीकडे जागा सोडून, आणि मग मागे येऊन पाच काढतात. काही शिक्षक हे करू देत नाहीत, कारण तीन अंकी संख्या आल्या की गोंधळ होतो म्हणतात. काहींना चालतं.

सडेतोड यांच्यासाठी : जर्मनीत २००४ पासून एक संस्था ‘वीस-एक’ असंही म्हणू द्या, अशी मागणी करते आहे. संस्थेचं नावच तसं आहे, जर्मनमध्ये ‘वीस-एक’. तिथेही लोक भाषेच्या अभिमानाने चिडतात. नॉर्वेने मात्र १९५१ साली हा बदल सरकारी निर्णयाने केला. त्यामागे टेलिफोन खात्याचा आग्रह होता, कारण तोंडी सांगितलेले नंबर उलटे जोडले जायचे. शाळा आणि रेडिओ बदलले. तरीही कित्येक घरांत जुनी तऱ्हा अजून बोलली जाते, आणि दोन्ही सुखाने नांदतात.

नारळीपाक

धाग्याचा विषय ‘घर, बाजार आणि डोकं’ असा असेल तर ब्राझीलची गोष्ट यायलाच हवी.

रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. तेरेझिना कराएर, डेव्हिड कराएर आणि आनालुसिया श्लीमान हे संशोधक आधी नुसते गिऱ्हाईक म्हणून गेले. बारा वर्षांच्या एका मुलाकडे पस्तीसला एक दराने नारळ होते. चार नारळांचे किती, असं विचारलं. तो म्हणाला, एकशे पाच, त्यात तीस, एकशे पस्तीस, मग एकशे चाळीस. बरोबर. म्हणजे तीन नारळांचे १०५ त्याला तोंडपाठ, त्यात चौथ्याचे पस्तीस त्याने तीस आणि पाच असे फोडून मिळवले. पुढे त्याच मुलाला कागदावर ३५ गुणिले ४ दिलं. उत्तर आलं २००. पाच चोक वीस, हातचे दोन. दोन आणि तीन पाच, पाच चोक वीस. हातचा आधी मिळवला आणि मग गुणला!

बाजारात या मुलांची ९८ टक्के उत्तरं बरोबर, नुसत्या मांडलेल्या गणितांची ३७ टक्के, गोष्टीच्या रूपात दिलेल्या गणितांची ७४ टक्के. आकडे जवळपास तेच.

पाच मुलं म्हणजे फारच थोडी, असं कुणी म्हणेल. पण २०२५ मध्ये ‘नेचर’ मध्ये आलेला अभ्यास आपल्याच देशातला आहे. अभिजित बॅनर्जी, एस्तेर दुफ्लो, एलिझाबेथ स्पेल्के आणि त्यांचे सहकारी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत गेले, १,४०० हून अधिक काम करणारी मुलं पाहिली. तिथेही तेच, विक्रीचा हिशेब चोख आणि शाळेतल्यासारखा मांडला की अडखळणं. आणि उलट बाजूही त्यांनी पाहिली. शाळेतली जी मुलं कागदावर बरी होती, ती बाजारातल्या साध्या हिशेबात मागे पडली. मला तरी ही दुसरी बाजू जास्त अस्वस्थ करते. शाळेत जाऊनही बाजारात उभं राहता येत नसेल तर आपण नक्की काय शिकवतोय?

इसाची नात

माझी आजी तालुक्याच्या बाजारात भाजी विकायची. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. तिला ‘त्र्याहत्तर’ म्हटलं तर कळायचं नाही, ‘तीन इसा न तेरा’ म्हटलं की लगेच. वीस वीसचे ढीग लावायची, ढीग मोजायची. पाच इसा म्हणजे शंभर. शंभराच्या पुढे गेलं तरी तिचे इसाच चालायचे.

धान्य मापताना पहिल्या मापाला ती ‘एक’ म्हणायची नाही. ‘लाभ’ म्हणायची. लाभ, दोन, तीन... मी लहानपणी विचारलं, आजे, एक कुठं गेला? ती म्हणाली, एकट्याने घरात धान्य येत नाही. पण मोजणीत तिची कधी चूक झालेली मी पाहिली नाही. लाभ म्हणजे एक हे तिच्या बोटांना ठाऊक होतं.

माझी आई तिसरी शिकलेली. आजीच्या तोंडच्या इसाची तिला लाज वाटायची. पाहुण्यांसमोर आजी ‘चार इसा’ म्हणाली की आई मधेच ‘ऐंशी’ म्हणायची. आज आजी नाही. धागा वाचून वाटलं, तिची ती मोजणी नीट लिहून घ्यायला हवी होती.

अनुस्वार

थोडं टोकाचं उदाहरण जोडतो, कारण त्यातून आकड्याचं नाव नक्की काय काम करतं ते कळतं.

ॲमेझॉनच्या जंगलात पिराहा नावाचा छोटा समाज आहे. त्यांच्या भाषेत नेमक्या संख्यांसाठी शब्द नाहीत. २००४ मध्ये पीटर गॉर्डन यांनी दाखवलं की तीनच्या पुढे गेलं की त्यांची जुळवणी अंदाजावर जाते. लगेच ‘यांना मोजताच येत नाही’ असे मथळे झाले. २००८ मध्ये मायकेल फ्रँक आणि सहकाऱ्यांनी पुन्हा पाहिलं. वस्तू डोळ्यांसमोर असतील तर पिराहा लोक तेवढ्याच वस्तू बरोबर मांडतात. वस्तू झाकल्या, म्हणजे मनात धरून ठेवायची वेळ आली, की अंदाज सुरू होतो.

म्हणजे शब्द नाही म्हणून संख्या दिसत नाही, असं नाही. शब्द म्हणजे संख्या धरून ठेवायची मूठ. माझ्या मते पाटीपेन्सिल बाईंच्या मुलाचं दुखणं तेच आहे. त्याला त्रेपन्न वस्तू मोजायला द्या, मोजेल. पण तोंडातली मूठ एका बाजूने उघडते आणि पाटीवरची दुसऱ्या बाजूने.

याच फ्रँक यांनी डेव्हिड बार्नर यांच्याबरोबर गुजरातमध्ये मनातल्या मनात ॲबॅकस चालवणाऱ्या मुलांचा अभ्यास केला. ती मुलं शब्द जवळजवळ वापरतच नाहीत, मण्यांचं चित्र डोळ्यांपुढे धरतात. मोठी बेरीज करताना त्यांची बोटं हवेत हलतात. पुढे तीन वर्षं चाललेल्या एका चाचणीत ॲबॅकस शिकलेल्या मुलांचं अंकगणित सुधारलं, पण स्मरणशक्ती वगैरे सगळी बुद्धीच वाढते असं काही दिसलं नाही. गल्लोगल्ली जे फलक लागतात त्यांच्या भरवशावर पैसे भरणाऱ्या पालकांनी हे लक्षात घ्यावं.

सडेतोड

दोन दिवस विचार केला. नॉर्वेची गोष्ट मला माहीत नव्हती. माझा विरोध शब्द काढून टाकायला आहे आणि तो कायम राहील. पण काल मुलीला ‘एकोणऐंशी म्हणजे ऐंशीला एक कमी’ असं सांगून पाहिलं. इतकी वर्षं मी फक्त रागावत होतो, फोड करून कधी सांगितलीच नव्हती. तिने लगेच विचारलं, मग एकोणनव्वद ८९ का? मी हो म्हणालो. रात्री झोपताना ती स्वतःच एकोणतीस, एकोणचाळीस म्हणत होती. नव्याण्णवला मात्र अडली आणि मलाच विचारलं, हे असं का? माझ्याकडे उत्तर नव्हतं.

कऱ्हाकाठ काका, औटकी पूर्ण आठवत असेल तर इथे लिहाल का?

कऱ्हाकाठ

लिहितो. हात थरथरतात, नातवाकडून टंकून घेईन. त्याच्याकडूनच म्हणवून घेतो म्हणजे त्यालाही येईल.

पाटीपेन्सिल

सगळ्यांचे मनापासून आभार. इसाची नात, तुमचा प्रतिसाद मी तीनदा वाचला. सोमवारी वर्गात विचारलं की घरात कोण इसाने मोजतं. चार हात वर झाले. एका मुलाची आजी शाळेत येऊन मोजून दाखवायला तयार आहे. पहिल्या मापाला ‘लाभ’ म्हणणारं कुणी घरात आहे का, तेही त्या दिवशी विचारणार आहे.

दोन आठवडे झाले, मी ज्वारीच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे करून घेतले. आकडा सांगताना दोन्ही नावं सांगते, ‘त्रेपन्न, पन्नास आणि तीन’. पन्नास म्हणताना पाच गठ्ठे उचलायचे, तीन म्हणताना सुट्ट्या काड्या. आणि कन्नड बोलणाऱ्या मुलांना सांगितलं की ऐवत्तमूरु मोठ्याने म्हणा, बाकीच्यांनी ऐका. ती मुलगी, जी एरवी वर्गात तोंड उघडत नाही, ती आता सगळ्यांना कन्नड आकडे म्हणून दाखवते.

सातपैकी चार पाट्या सरळ झाल्या. तिघांचं अजून उलटतं.

आणि डॅन्यूबकाठची, हे तुमच्यासाठी. ‘आधी तीन म्हणालात’ म्हणणारा तो मुलगा. त्याला कुणी शिकवलेलं नाही, मी तर नाहीच. काल ‘त्रेपन्न’ म्हणाले तेव्हा त्याने पाटीवर डावं बोट ठेवून जागा राखली, बोटाच्या उजवीकडे ३ काढला, बोट उचललं आणि तिथे ५ काढला. मग मी मुद्दाम ‘एकशे त्रेपन्न’ सांगितलं. त्याने १ काढला, शेजारी बोट ठेवलं, पलीकडे ३, बोट उचलून मधे ५. थोडा तिरका आला, पण आला. पाटी वर करून माझ्याकडे बघत बसला. मी त्याला थांबवलं नाही. खडूने पाटीच्या कोपऱ्यात बरोबरची खूण केली आणि पुढचा आकडा सांगितला.